अडलेल्या चावीवर जोर करू नये

शेतमाल बाजारात नेण्यासाठी जुनी पिकअप गाडी घेणारे शेतकरी आज गावोगाव दिसतात. गाडी घेताना इंजिन, टायर व ब्रेक यांची पारख केली जाते. चावीच्या स्विचकडे मात्र तो पुरता बिघडेपर्यंत कोणी लक्ष देत नाही. ही हयगय फार महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्नर तालुक्यातील एका शिवारात हे मी प्रत्यक्ष पाहिले. नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोचे क्रेट भरून झाले होते. गाडी सुरू झाली, परंतु चावी 'स्टार्ट'वरून मागे येईना. इंजिन चालू आणि स्टार्टरही चालूच! मालकाने चावी पकडीत धरून पिळली, तशी ती तुटली. थोड्याच वेळात बोनेटखालून धूर निघाला. स्टार्टर जळाला, आणि माल दुसऱ्या गाडीतून पोहोचेपर्यंत लिलाव आटोपत आले होते. "चावी दोन महिन्यांपासून अडत होती, साहेब," असे मालकाने मागाहून सांगितले. नुकसान त्या दोन महिन्यांत दडलेले होते.

चावी अडण्याची कारणे निरनिराळी असतात व ती क्रमाने तपासता येतात. प्रथम जपून ठेवलेली दुसरी चावी लावून पाहावी. ती सहज फिरली तर पहिली चावी झिजली आहे, असे समजावे. नवी चावी करून घेताना नमुना म्हणून झिजलेली चावी देऊ नये. चावी मुळीच फिरत नसेल, तर स्टिअरिंगच्या कुलपावर ताण आलेला असू शकतो. अशा वेळी स्टिअरिंग डावी-उजवीकडे किंचित हलवीत चावी हलक्या हाताने फिरवावी.

चावी फिरते पण आपोआप मागे येत नाही, असे असेल तर कुलपात धूळ साचली असेल, किंवा आतील स्प्रिंग थकली असेल. पुष्कळ गाड्यांत कुलूप व त्यामागील विजेचा स्विच हे वेगवेगळे भाग असतात. बॅटरीची ऋण वायर सोडून मिस्त्रीकडून स्विच विलग करवावा. मग कुलूप मोकळे फिरले तर दोष स्विचचा, अडले तर कुलपाचा. दोन्ही बदलण्याचा खर्च करण्याचे कारण नाही. कुलपात इंजिनचे तेल वा ग्रीस घालू नये, कारण त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची भुकटी त्यासाठी चांगली. चावीला घरच्या व गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवू नये. त्या ओझ्याने कुलूप झिजते. चावी पूर्ण मागे येऊनही स्टार्टर फिरतच असेल, तर दोष चावीचा नसून बहुधा स्टार्टरच्या सोलेनॉइडचा किंवा रिलेचा असतो.

स्टार्टर थांबेनासा झाल्यास चावी हाताने मागे आणावी. ती न आल्यास इंजिन बंद करून बॅटरीची ऋण वायर तत्काळ सोडावी. जुन्या डिझेल गाडीत इंजिन बंद करण्याची ओढदांडी असल्यास ती ओढावी. बॅटरीच्या नटाचा पाना यासाठी नेहमी गाडीत असावा.

काही जण स्विच बदलण्याऐवजी वायरी 'डायरेक्ट' करून बटण बसवितात. हंगामात वेळ नसतो व पैसाही अडलेला असतो, ही त्यांची अडचण खरी आहे. तरीही ही पद्धत मला मान्य नाही. उघड्या वायरी घासून आग लागू शकते, गाडी चोरणे सोपे होते, आणि गाडी गिअरमध्ये असताना लहान मुलाने बटण दाबले तर ती जागची उसळून समोरच्या माणसावर जाते. स्विचची किंमत स्टार्टरच्या मानाने थोडी आहे. माणसाच्या जिवाशी तर तिची तुलनाच नको.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, हंगामापूर्वीच्या सभेत बियाणे व खते यांबरोबर वाहनाचाही विषय घ्यावा. चावी प्रथम अडली त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रीला दाखवावी, एवढी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या मनावर ठसली, तरी पुष्कळ माल वेळेवर बाजारात पोहोचेल.