‘तुम्हीच ओटीपी सांगितला असेल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका!



कार्डावरून पैसे गेल्याचा मेसेज आला आणि माणूस धावतपळत शाखेत पोहोचला, की काउंटरवरचे पहिले वाक्य ठरलेले असते : “तुम्हीच कोणाला तरी ओटीपी सांगितला असेल.” समोर पेन्शन घेणारी आजी असो, अंगणवाडी सेविका असो की किराणा दुकानदार. चौकशी सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. दुसरे वाक्यही ठरलेले : “आता आमच्या हातात काही नाही, पोलिसांत जा.” पोलीस ठाण्यात गेले की सांगतात, आधी बँकेचे पत्र आणा. या हेलपाट्यांत जे दोन-तीन दिवस जातात, नेमके तेच सर्वांत मोलाचे असतात.

हे पत्रक त्या पहिल्या वाक्याच्या विरोधात आहे. ते वाक्य नियमाला धरून नाही.

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व व्यापारी बँकांसाठी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला तशाच सूचना सहकारी बँकांना दिल्या. त्यात स्वच्छ लिहिले आहे की, खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्ही सिद्ध करायचे नाही. तुम्ही दोषी आहात असे बँकेला वाटत असेल, तर पुरावा बँकेने मांडायचा. काउंटरवर बोट दाखवून म्हटलेले ‘असेल’ हा पुरावा होत नाही.

तंत्राच्या बाजूनेही तो आरोप अनेकदा टिकत नाही. एटीएममधून रोकड काढताना बहुतेक ठिकाणी पिन लागतो, ओटीपी नव्हे. मशीनला नुसते टेकवून चालणाऱ्या कार्डाने ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवायच होतो. परदेशातल्या कित्येक संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक दिले की पैसे जातात, तिथे ओटीपी विचारलाच जात नाही. मग अशा व्यवहारात तुम्ही कोणता ओटीपी सांगितला? बँकेला पहिला प्रश्न हाच विचारा : व्यवहार कोणत्या मार्गाने झाला, पिनने, ओटीपीने, की दोन्हींशिवाय? ही नोंद बँकेच्या संगणकात असते. ती लेखी मागा.

आणि गळती खातेदाराकडूनच होते हे कोणी ठरवले? २०१६ साली देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. एटीएम आणि स्वाइप मशीनचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरले होते. त्या ३२ लाखांपैकी कोणी कोणाला काय सांगितले होते? पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण तर आपल्या दारातले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये बनावट कार्डांनी काढले गेले. हल्लेखोरांनी बँकेच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेऐवजी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती आणि ती प्रत्येक मागणीला ‘मंजूर’ म्हणत होती. सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. खातेदारांच्या शिलकी शाबूत राहिल्या, नुकसान बँकेने सोसले, हे बरोबरच झाले. पण एवढी मोठी संस्था आपले कुलूप राखू शकली नाही, तेव्हा तिला कोणी ‘तुम्हीच किल्ली दिली असेल’ म्हणून परत पाठवले नाही. मग सात हजार रुपये गमावलेल्या मोलकरणीला तसे का पाठवता?

कॉसमॉस प्रकरणातली कोल्हापूरसारख्या शहरांतून पैसे काढणारी माणसे आपल्यातलीच होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. महाविद्यालयीन मुलांना आमचे कळकळीचे सांगणे आहे : चार-पाच हजारांसाठी आपले खाते, पासबुक, एटीएम कार्ड कोणालाही ‘वापरायला’ देऊ नका. चोरीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून पुढे जातो, आणि पोलिसांना पहिले नाव खातेदाराचे मिळते.

आता चोरी ओळखायची कशी, ते पाहू.

आपल्या गावागावांत अजूनही चालणारी एक लबाडी म्हणजे एटीएमवरची कार्डाची अदलाबदल. पेन्शनचा किंवा पगाराचा दिवस, रांग, मशीन अडखळते. मागचा नीटनेटका तरुण म्हणतो, “काका, द्या इकडे, मी काढून देतो.” तो पिन पाहतो, पैसे काढून देतो किंवा ‘मशीन बंद आहे’ म्हणतो, आणि त्याच बँकेचे, त्याच रंगाचे दुसरे कार्ड तुमच्या हातात ठेवतो. संध्याकाळपर्यंत खाते रिकामे. पुष्कळ कार्डांवर नाव छापलेले नसते, त्यामुळे बदल लक्षातही येत नाही. म्हणून चिप आणि काळी पट्टी सोडून कोपऱ्यात स्वतःची खूण करा, रंगीत चिकटपट्टीचा एक तुकडा पुरतो. कार्डाचे शेवटचे चार अंक पाठ करा. मदत हवी असेल तर बँकेच्या वेळेत या आणि शाखेतल्या माणसाकडे मागा. कार्ड आत अडकले आणि शेजारी ‘मदतीसाठी या नंबरवर फोन करा’ असा कागद चिकटवलेला दिसला, तर तो नंबर चोराचाच समजा. कार्ड घालण्याची फट हलते का, कळफलकाच्या वर काही डकवले आहे का, ते पाहा. पिन दाबताना दुसरा हात वर धरा. पेट्रोल पंपावर, हॉटेलात कार्ड नजरेआड नेऊ देऊ नका, मशीन तुमच्याजवळ आणायला सांगा.

दुसरी खूण खात्यात दिसते. आपण न केलेला एक-दोन रुपयांचा, दहा रुपयांचा व्यवहार. लोक म्हणतात, जाऊ दे, दहा रुपये तर आहेत. पण चोर पुष्कळदा आधी कार्ड चालते का हे चाचपून पाहतो. तो मेसेज आला, की तासाभरात कार्ड बंद करा.

तिसरी पद्धत फोनवरची. कार्ड बंद पडणार आहे, केवायसी राहिली आहे, रिवॉर्ड पॉइंट आजच संपणार आहेत, क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून देतो, वीज आज रात्री तोडणार आहेत. बहाणे बदलतात, घाई मात्र तीच असते. त्याच्या जोडीला व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल : लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, बँकेचे अॅप असे काहीही नाव असते. ती मोबाइलमध्ये बसली की तुमचे मेसेज चोराला वाचता येऊ शकतात, म्हणजे ओटीपी तुम्ही तोंडाने सांगण्याची गरजच उरत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना व्यवहार आणि सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरायला सांगितले आहे, आणि बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेली आहेत. पण क्रमांक कोणताही असो, पिन, ओटीपी आणि मागचे तीन अंक विचारणारा माणूस बँकेचा नसतो. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर तर फोन करूच नका.

आजच, हे पत्रक हातात असतानाच करता येण्यासारखे एक काम आहे. कार्डाचे परदेशी, ऑनलाइन आणि टेकवून होणारे व्यवहार चालू-बंद करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय देणे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशाने बँकांना बंधनकारक आहे. परदेशी व्यवहार बंद करा. ऑनलाइन खरेदी करत नसाल तर तेही बंद करा. मोबाइलवर जमत नसेल तर शाखेत जाऊन करून घ्या, आणि त्याच वेळी आपला चालू मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला आहे का तेही पाहा. मेसेजच आला नाही, तर चोरी कळणार कशी?

आणि पैसे गेलेच, तर? रडत बसू नका, लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. बँकेच्या अॅपमधून किंवा कार्डामागच्या क्रमांकावरून लगेच कार्ड बंद करा. कार्डच गेलेले असेल तर तो क्रमांक हाताशी नसतो, म्हणून तो आजच वहीत उतरवून ठेवा. पाठोपाठ १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तो रोखून धरण्यासाठीच ती यंत्रणा आहे, तिथे मिनिटे मोजली जातात. मग बँकेत लेखी तक्रार. पोलिसांनी ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हटले, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद आहे.

दिवसांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण बँक तो स्वतःहून सांगत नाही. २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल, तर तुम्ही कळवले असो वा नसो, तुमचे नुकसान शून्य. चूक ना बँकेची ना तुमची, मधल्या यंत्रणेत कुठेतरी असेल, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तरीही शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्यावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या अंगावर, मूलभूत बचत खात्यावर ५,०००. सात कामकाजाच्या दिवसांनंतर सगळे बँकेच्या धोरणावर. तक्रारीपासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम बँकेने खात्यात दाखवली पाहिजे, विम्याची वाट न पाहता. निकाल ९० दिवसांत. क्रेडिट कार्डावर तेवढ्या काळाचे जादा व्याज तुमच्यावर पडता कामा नये. तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान तुमचे, हेही त्यात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण तक्रार केल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणूनच तक्रारीची वेळ कागदावर असली पाहिजे.

हा अर्ज उतरवून घ्या :

“मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझ्या खाते क्रमांक … वरून दिनांक … रोजी … वाजता रुपये … चा व्यवहार माझ्या संमतीशिवाय झाला आहे. मी कार्ड दिनांक … रोजी … वाजता बंद केले आहे. १९३० वरील तक्रार क्रमांक … आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार सदर रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. व्यवहार पिनने, ओटीपीने की अन्य मार्गाने झाला, याची नोंद मला लेखी द्यावी. एटीएममधील व्यवहार असल्यास त्या वेळेचे कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे. या अर्जाची पोच तारीख, वेळ व शिक्क्यासह मिळावी.”

दोन प्रती काढा. पोच मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील, तर तोच अर्ज बँकेच्या ई-मेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते.

लढून काही होत नाही असे म्हणणाऱ्यांना दोन निकाल सांगा. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका खातेदार कंपनीचे ऑनलाइन व्यवहारात गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश एका सरकारी बँकेला दिला, त्याच २०१७ च्या परिपत्रकाच्या आधारे. लोकपालाने तिची तक्रार आधी फेटाळली होती, तरी ती थांबली नाही. आसाममधल्या एका ग्राहकाने खरेदी परत करण्याच्या निमित्ताने आलेल्या फोनवर विश्वास ठेवून अॅप उतरवले आणि ९४ हजार रुपये गेले. त्याने चोवीस तासांत कळवले. बँक म्हणाली, यानेच ओटीपी दिला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बँकेला जबाबदारी झटकू दिली नाही. ग्राहकांनी ओटीपी कोणालाही देऊ नये, हेही त्याच वेळी बजावले. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत : खातेदाराने जपायचे, आणि बँकेने जबाबदारी घ्यायची.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शाखेत हा नियम मोठ्या अक्षरांत, मराठीत, काउंटरसमोर लावा. फसवणुकीची तक्रार कोणत्याही शाखेने त्याच क्षणी पोच देऊन घ्यावी. पेन्शनच्या दिवशी एटीएमवर बँकेचा माणूस उभा करा. खातेदारावर आरोप करायचा असेल तर तो लेखी, पुराव्यासह, अधिकाऱ्याच्या सहीने करा.

नागरी सहकारी बँकांच्या सभासदांनो, तुमच्या हातात तर आणखी एक गोष्ट आहे. अशा तक्रारी किती आल्या, किती रकमेच्या होत्या, त्यांपैकी एटीएमच्या किती आणि ऑनलाइन किती, याचा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवला गेला पाहिजे. सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून तो आकडा मागा, किती जणांना पैसे परत मिळाले ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.