कंपायलरला शिव्या घालण्याआधी पहिली एरर वाचा

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे आहे, पण जरा वेगळं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि आमचा फॉन्ट कन्व्हर्टर बसला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारा छोटा प्रोग्राम, एका मित्राने पंधराएक वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिलेला. परत बिल्ड करायला गेलो तर स्क्रीनभर एरर. ग्रुपवर फोटो टाकला. अर्ध्या तासात तीन सल्ले आले: जुना कंपायलर टाक, वॉर्निंग बंद कर, नाहीतर क्रॅक विंडोज टाक.

ही पोस्ट या तिन्ही सल्ल्यांच्या विरोधात आहे.

आगरदांड्याची बोट चुकलेला गावातला एक पोरगा ऑफिसात टाईमपास करत बसला होता. बी.एससी. आयटी. त्याने एकच गोष्ट केली. शेवटची ओळ सोडली आणि वर जाऊन पहिली एरर वाचली. एका फाईलमधलं फंक्शन दुसऱ्या फाईलमध्ये वापरलं होतं, पण त्याची ओळख करून देणारी हेडरची ओळच नव्हती. ती ओळ घातली, बिल्ड झालं.

खरी गंमत पुढे आहे. ओळख नसली की जुना कंपायलर गृहीत धरायचा, हे फंक्शन साधा आकडा परत देतं. आमचं फंक्शन देत होतं मेमरीतला पत्ता. ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कोंबला की अर्धा कापला जातो. लहान फाईलला निभायचं, मोठी फाईल दिली की प्रोग्राम मरायचा. आम्ही वर्षानुवर्षं दोष दिला लाईटला, मशीनला, नशिबाला!

सी भाषेच्या १९९९ च्या मानकानेच ही सवलत काढून टाकली होती. जीसीसी कंपायलरने त्यानंतरही पंचवीस वर्षं फार तर वॉर्निंग देऊन चालवून घेतलं आणि मे २०२४ मध्ये आवृत्ती १४ पासून ती थेट एरर केली. २०२० च्या आवृत्ती १० नंतर ‘मल्टिपल डेफिनिशन’ दिसू लागलं, कारण हेडरमध्ये बेफिकीरपणे जाहीर केलेलं व्हेरिएबल प्रत्येक फाईलमध्ये वेगळं जन्माला येत होतं. २०२५ ची आवृत्ती १५ मुळातच सी२३ मानक धरते, म्हणून स्वतःचा ‘बूल’ बनवणारा जुना कोड अडतो. प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर काय बदललं, कसं दुरुस्त करायचं, याची मार्गदर्शिका जीसीसीवाले स्वतः देतात. फुकट. वाचतं कोण?

अंक छापायला जायचाय, वेळ नाही, हे मला कळतं. मी त्याच धंद्यात आहे. तेव्हा जुन्या मानकाचा पर्याय देऊन तात्पुरतं काम काढा, पण तशी नोंद ठेवा आणि आठवड्यात दुरुस्त करा. आपल्याकडे तात्पुरतं ते कायमचं होतं, हे रस्त्यावरच्या खड्ड्यांना विचारा.

आता राजकारण. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांच्या यादीत आपलं दिघी आहे. कारखाने येतील, मशीन येतील, मशीनमध्ये सॉफ्टवेअर असेल. ते अडलं की आपली पोरं काय करणार? पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरला फोन लावून गेटवर उभी राहणार? मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या आतलं काम शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. म्हणजे हे ज्ञान परग्रहावरचं नाही, समुद्राच्या याच किनाऱ्यावरचं आहे. आपल्याकडचे क्लास मात्र सर्टिफिकेट देतात, एरर वाचायला शिकवत नाहीत. पालकांनो, फी भरताना एवढं एक विचारा.

कंपायलरने आमचा प्रोग्राम बिघडवला नाही. तो बिघडलेलाच होता, कंपायलरने फक्त झाकायचं थांबवलं. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं की तक्रार मिटत नाही. हे गावालाही लागू आहे.