प्लॉटमधला खड्डा

भूखंडालाही 'प्लॉट' म्हणावे आणि कथानकालाही 'प्लॉट'च म्हणावे, ही इंग्रजी भाषेची काटकसर आम्हां नवी मुंबईकरांना मोठी अडचणीची होते. वर्गात कुणी 'प्लॉट होल' असा शब्द उच्चारला, की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो सिडकोचा भूखंड, भोवतीचे पत्रे आणि आत इमारतीच्या पायासाठी खणलेला, पावसाच्या पाण्याने तुडुंब भरलेला खड्डा. पण मुले हा शब्द वापरतात तो गोष्टीतल्या खड्ड्याबद्दल. लेखकाने स्वतःच घातलेला नियम स्वतःच विसरावा, पहिल्या भागात दाराला कुलूप असावे आणि पाचव्या भागात नायकाने किल्लीवाचून त्याच दारातून आत यावे, म्हणजे तिथे खड्डा पडला. असे खड्डे शोधण्याचा छंद हल्ली फार वाढला आहे. आणि ज्यांत पात्रे काळातून मागेपुढे हिंडतात अशा मालिका म्हणजे तर या छंदिष्टांची पंढरीच.

आमच्या महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये जिच्यापायी रोज चहा निवतो, ती आहे 'डार्क' नावाची जर्मन मालिका. १ डिसेंबर २०१७ रोजी ती नेटफ्लिक्सवर सुरू झाली आणि २७ जून २०२० रोजी तिचा तिसरा व शेवटचा खंड आला. भाग एकंदर २६. मालिकेत जगबुडीची तारीख दिली होती २७ जून २०२०. शेवटचा खंड प्रसिद्ध झाला तोही त्याच दिवशी! आपल्याकडे तेव्हा टाळेबंदीचे दिवस. जगबुडीची गोष्ट पाहायला याहून चांगला मुहूर्त पंचांगातही सापडला नसता. पुढे वर्षे लोटली, तरी दर साली नवी मुले ती मालिका पाहतात आणि तेच वाद नव्या दमाने घालतात. ज्यांनी ती अजून पाहायची ठेवली आहे त्यांनी हे पान तूर्त उलटावे आणि फराळाकडे वळावे. कारण शेवट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

विंडेन नावाच्या एका काल्पनिक गावात गुहेच्या वाटेने माणूस ३३ वर्षे मागे किंवा पुढे जाऊ शकतो. २०१९ मधून १९८६, १९८६ मधून १९५३, असा हिशेब. पुढे पुढे तिथली नाती अशी होऊन बसतात, की गोत्र-प्रवर विचारणारे भटजी पंचांग मिटून घरी जातील. शार्लट ही एलिझाबेथची आई. आणि तीच एलिझाबेथ शार्लटचीही आई! मग यांतली आधी जन्मली कोण? एका मुलीने मला वहीत त्या गावाची वंशावळ काढून दाखवली. तो वृक्ष नव्हताच. ठिपक्यांच्या रांगोळीतली ती साखळी होती. जिथून रेघ निघाली तिथेच बोट परत आले.

काळप्रवास आपल्या संध्याकाळच्या मालिकांतही काही कमी नसतो. शुक्रवारी रांगणारे मूल सोमवारी 'वीस वर्षांनंतर' अशी पाटी झळकताच लग्नाचे होते. त्याच्या आजीचा मात्र एक केस पिकत नाही. दरीत कोसळलेला नायक नवा चेहरा घेऊन परत येतो आणि जन्मदात्या आईला आवाजावरूनही ओळख पटत नाही. यावर कुणी वही उघडून भांडल्याचे ऐकिवात नाही. का नाही? तर तिथे काही नियम आहेत असे कुणी धरूनच चालत नाही. ज्या दुकानात हिशेबाची चोपडीच नाही, तिथे चूक काय काढायची? खोट काढायलाही आधी विश्वास असावा लागतो. खड्डे शोधणारे हे लोक गोष्टीचे वैरी नव्हेत. तिच्यावर खरा जीव त्यांचाच.

आणि ही रीत काही जर्मनीहून आलेली नाही. शंका आणि समाधान हा आपल्याकडे पुराण ऐकण्याचाच एक भाग होता. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मीची कथा आहे. आपल्या रेवतीसाठी वर विचारावा म्हणून तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गायन चालले होते. बापलेक क्षणभर थांबले. गाणे संपल्यावर राजाने मनातली स्थळे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसला. तेवढ्या वेळात पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटली होती! यादीतले वर, त्यांचे मुलगे, नातू, सगळे कधीच काळाआड झाले होते. शेवटी रेवती बलरामाला दिली. आता चौकस श्रोता गप्प कसा बसेल? आदल्या युगांतली माणसे धिप्पाड. मग ही नवरी नवऱ्यापेक्षा केवढी उंच दिसली असेल? विष्णुपुराणाने ही शंका आधीच हेरली आहे. बलरामाने नांगराच्या टोकाने रेवतीला खाली ओढून बेताची केली, असे सांगून पुराण मोकळे होते. कथेतला खड्डा नांगराने बुजवल्याचे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

रेवती पुढच्या काळात गेली, मागच्या नव्हे, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे जाणे विज्ञानाला मान्य आहे. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या दोघा शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तेव्हा त्यांत सेकंदाच्या अब्जांशांचा, पण आइन्स्टाइनच्या गणिताशी जुळणारा फरक पडलेला आढळला. आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ती दुरुस्ती धरली नाही तर पत्ता चुकेल. मागे जाण्याचे मात्र कागदावरच राहिले आहे. १९४९ साली गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असे एक विश्व दाखवले, की ज्यात वाट फिरून स्वतःच्या भूतकाळात येते. पण ते विश्व आपले नव्हे. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केंब्रिजला भविष्यातल्या प्रवाशांसाठी मेजवानी मांडली आणि तिची निमंत्रणे मेजवानी उरकल्यावर धाडली. कुणी आले नाही.

मग जिथे पाहुणेच येत नाहीत, त्या वाटेवरून आमची मुले एवढी हमरीतुमरीवर का येतात? याचे उत्तर त्या मालिकेतल्या योनास नावाच्या मुलाने दिले आहे. योनासच्या वडिलांनी आत्महत्या केलेली. पुढे त्याला कळते, की २०१९ साली हरवलेला मिकेल हा लहान मुलगा १९८६ मध्ये जाऊन अडकला, तिथेच वाढला, आणि तोच पुढे आपला बाप झाला. मिकेलला हात धरून परत आणले तर एका आईला तिचे मूल मिळते, बापाचे ते मरणही टळते; पण योनास जन्मालाच येत नाही. इथे कँटीनमध्ये दोन तट पडतात. एक प्रारब्धवादी: जे घडले ते घडलेच, तुम्ही मागे गेलात तर तेही घडण्याचाच भाग. दुसरे प्रयत्नवादी: तुम्ही मागे जाऊन काडी हलवली की दुसरेच जग सुरू होते. वाद वरवर तर्काचा. पण त्याच्या मुळाशी प्रश्न असा, की झालेली चूक पुसायची तर त्या चुकीमुळे जे जन्मले त्यांचे काय करायचे?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. त्याचे आपले नाव पानिपत. २०२५ साली दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तो मांडला आहे. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आल्यामुळे पुष्कळ मुलांना ती ठाऊक असते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका मुंबईत जाऊन पोचतात, की जिथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. नारळीकर स्वतः शास्त्रज्ञ. त्यांनी कथेच्या अखेरीस उलगडाही दिला आहे. तरी माझे विद्यार्थी खड्डा काढतातच: तिथल्या ग्रंथालयात पंतांना स्वतःचे पाच खंड सापडतात, म्हणजे त्या जगात दुसरे गंगाधरपंत असले पाहिजेत, ते त्या वेळी होते कुठे? शंका चोख आहे. पण मला त्या कथेतली दुसरीच जागा अधिक बोचते. पंत त्या मुंबईत आपल्या मुलाचा तपास करतात. तो ज्या कंपनीत असायला हवा, तिथे त्या नावाचे कुणीच नसते. या जगात तो कदाचित जन्मलाच नसेल, असे त्यांच्या मनात येते. पानिपत जिंकले, मुलगा गेला.

गेल्या पावसाळ्यात या कथेनंतर मी वर्गाला विचारले, मागे जायला मिळाले तर तुम्ही कुठे जाल? कुणी पानिपतावर निघाले, कुणी बारावीच्या परीक्षेआधीच्या रात्री. मागच्या बाकावरचा एक मुलगा, इथल्याच एका मूळ गावचा, शांतपणे म्हणाला, "सर, मी मार्च १९७० मध्ये जाईन."

तारीख त्याने बरोबर निवडली होती. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहायचे ठरले. भातखाचरे, मिठागरे, खाडीतला जिताडा, यांच्याविषयी तो आजोबांकडून ऐकलेले सांगत राहिला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनाविषयीही बोलला. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारांत पाच माणसे मेली. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण त्यानंतरचे. "ते सगळे मी होऊच देणार नाही," तो म्हणाला.

वंशावळ काढणारी ती मुलगी पुढच्या बाकावरून वळली. "पण माझे आईबाबा वाशीत भेटले. एक साताऱ्याहून आलेला, एक नागपूरहून. शहरच नाही, तर मी नाही."

वर्ग हसला, तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मग राहू दे. तू राहा. पण सर, त्या शहराच्या माहितीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर इथे काही नव्हते असे लिहितात, तेवढे तरी कुणीतरी दुरुस्त करा. हा प्लॉट होल नाही का?"

इतकी वर्षे हा शब्द मी कानांआड करीत होतो. त्या दिवशी त्याचे दोन्ही अर्थ एका जागी आले. आमच्या शहराची गोष्ट बहुधा नकाशापासून सांगतात. आधी दलदल, मग नियोजन, मग रुंद रस्ते. मधले माणूस गळते. मालिकेत एका पात्राची अंगठी दोन भागांत दोन बोटांत दिसली तर रात्रभर जागणारी ही मुले, तोच डोळा आपल्या गावाच्या गोष्टीकडे वळवू लागली तर त्यांचा छंद सत्कारणी लागला असेच मी म्हणेन.

'डार्क'च्या शेवटाचा वाद अजून मिटलेला नाही. सगळ्या गुंत्याच्या मुळाशी टानहाउस नावाचा घड्याळजी असतो. अपघातात मुलगा, सून आणि नात गेली, म्हणून त्यांना परत आणायला तो यंत्र करतो आणि त्यातून दोन वेडीवाकडी जगे जन्मतात. योनास आणि मार्था तो अपघातच टाळतात. त्यामुळे ती जगे विरतात, आणि त्यांच्याबरोबर ती दोघेही. मुले विचारतात: ती दोघे नव्हतीच, तर गाडी अडवली कुणी? प्रारब्धवाद्यांकडे याला उत्तर आहे, प्रयत्नवाद्यांकडे दुसरे आहे, आणि दोन्ही ऐकून चहा निवतो तो निवतोच. माझ्या मते हा खड्डा लेखकांच्या विसराळूपणाचा नव्हे. त्यांनी तो उघड्या डोळ्यांनी ठेवला आहे. अखेरच्या प्रसंगात उरलेली मंडळी जेवायला बसलेली असतात. त्यांतली हाना गरोदर आहे. होणाऱ्या बाळाचे नाव काय, असे विचारल्यावर ती म्हणते, योनास हे नाव छान आहे. कधी न झालेल्या मुलाचे नाव तिला कसे सुचले, यावरही मुले भांडतात, खुशाल भांडोत.

ठाण्याहून वाशीला येणाऱ्या लोकलमध्ये बसले की आवाज एकेक स्टेशन पुकारतो: रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. ही नावे कुणा नियोजनकाराने योजलेली नाहीत. ती गावांची आहेत. खाचरे गेली, नावे राहिली. तेवढ्याने खड्डा बुजत नाही हे त्या मागच्या बाकावरच्या मुलाला चांगले कळते. म्हणूनच या सत्रात त्याने प्रकल्पाला विषय घेतला आहे आपल्या आजोबांच्या आठवणी. वह्या दोन भरल्या आहेत. शुद्धलेखन तपासायला त्याने त्या सातारा-नागपूरच्या मुलीकडे दिल्या आहेत, आणि तिने समासात पहिल्याच पानावर तीन शंका काढल्या आहेत.