बारावीनंतरची एक वाट : रक्ताचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विचार सुरू होतो : पोराला, पोरीला पुढे कशाला घालायचे? आज वैद्यकीय जीवरसायनशास्त्राची वाट पाहू. रक्त-लघवीतील साखर, क्षार, युरिया मोजून डॉक्टरांच्या हाती नेमका आकडा देण्याची ही विद्या.

तिचा आपल्या शिवाराशीही संबंध आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अंगात भिनले की रक्तातील कोलिनेस्टरेज हे द्रव्य मंदावते. ते किती उतरले हे प्रयोगशाळेत मोजता येते.

इथे आकडा चुकला तर उपचार चुकतो. साखरेसाठी घेतलेले रक्त साध्या नळीत तसेच राहिले, तर रक्तातील पेशीच साखर खातात आणि आकडा कमी येतो. म्हणून फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. रक्त काढताना पेशी फुटल्या, तर पोटॅशियम वाढलेले दिसते. माल घालण्याआधी आपण काटा तपासतो ना? तसे रोग्यांचे नमुने लावण्याआधी ठाऊक आकड्याचा नमुना लावून यंत्र पारखतात. हे सारे शिक्षणात अंगवळणी पडावे लागते.

वाटा तीन आहेत. बारावी विज्ञाननंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका किंवा पदवी घेतली की तंत्रज्ञ होता येते. विज्ञानाच्या योग्य पदवीनंतर वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षांची एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री करता येते. तिसरी वाट डॉक्टरकीची : एम.बी.बी.एस. आणि मग तीन वर्षे एम.डी. विज्ञान महाविद्यालयातली दोन वर्षांची एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री मात्र वेगळी. नावावर जाऊ नका.

खरी सावधगिरी इथेच हवी. पदविकेने तंत्रज्ञ होता येते, जीवरसायनतज्ज्ञ नव्हे. कोणी नुसती पाटी लावून 'एका वर्षात लॅब टाका' म्हणत असेल, तर कापूस विकून आलेला पैसा त्याच्या हाती देऊ नका. अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची किंवा शासकीय मंडळाची मान्यता आहे, हे आधी त्या विद्यापीठाकडे वा मंडळाकडे विचारा. प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवतात आणि पुढे नोंदणी होते का, हेही लेखी मागा. प्रयोगशाळा तंत्रज्ञांसह अशा व्यवसायांच्या शिक्षणासाठी व नोंदणीसाठी केंद्राने २०२१ साली कायदा केला आहे.

ज्या मुलाला रसायनशास्त्राची गोडी आहे, हात नेटका आहे आणि शंभरावा नमुनाही पहिल्याइतक्याच काळजीने हाताळायची चिकाटी आहे, त्याने ही वाट जरूर धरावी.