काढून टाकलंय ना, मग शेक कशाला?

गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी किमान दहा वेळा ऐकलंय. मामांकडून, मावसभावाकडून, शेजारच्या काकूंकडूनसुद्धा. मावशीचा डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, किमो झाली. आता डॉक्टर रेडिएशन म्हणतायत, तर घरात एकमत की त्यांना मशीनचे हप्ते फेडायचेत!

त्यात मावसभावाने फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली. 'स्तन काढल्यावर रेडिएशनची गरज नाही, परदेशी संशोधन.' खाली आठ अंगठे. आता मी पडलो दिवसभर दुसऱ्यांचे कोड तपासून पोट भरणारा माणूस. मूळ कागद शोधला.

गंमत म्हणजे बातमी खोटी नव्हती. सुप्रीमो नावाची चाचणी आहे, निकाल २०२५ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. १६०७ बायका. दहा वर्षांनी जिवंत असलेल्या, छातीवर रेडिएशन घेतलेल्यांत ८१.४ टक्के, न घेतलेल्यांत ८१.९. म्हणजे फरक नाहीच. पण अरे बाबा, या बायका कोण होत्या ते वाचलंस का? मधल्या जोखमीच्या. काखेतल्या एक ते तीन गाठींत कॅन्सर पोचलेला, किंवा काख स्वच्छ पण स्तनातली गाठ मोठी किंवा आक्रमक. चार किंवा जास्त गाठींत पोचलेल्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं.

मावशीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर काय लिहिलंय? सोळापैकी सहा. तो कागद महिनाभर फाइलमध्ये पडून होता आणि चर्चा मात्र रोज!

तिच्यासारख्यांचा हिशोब वेगळीकडे आहे. २०१४ साली लॅन्सेटमध्ये २२ जुन्या चाचण्यांची एकत्रित मांडणी आली. चार किंवा जास्त गाठी असलेल्यांत वीस वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने दगावण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय ८० टक्के, रेडिएशनसह ७०.७. चाचण्या १९६४ ते १९८६ मध्ये सुरू झालेल्या, तेव्हाची औषधं जुनी, आज दोन्ही आकडे बरेच कमी असतील. तरी फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही. सर्जन कितीही चांगला असला तरी छातीवरची कातडी, स्नायू, गळपट्टीच्या हाडामागच्या गाठी जागेवरच राहतात. तिथे डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी उरल्या असतील तर त्यांच्यासाठी हा शेक.

त्याच मांडणीत काख पूर्ण साफ करून एकाही गाठीत कॅन्सर न सापडलेल्या बायकांना काहीच फायदा दिसला नाही. मावशीचा रिपोर्ट तसा असता तर मी भावाच्या बाजूने भांडलो असतो. सरसकट 'द्याच' म्हणणारेही मला तितकेच डोक्यात जातात.

मामांचा एक मुद्दा मात्र खरा. डावी बाजू, खाली हृदय. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, श्वास भरून धरायला लावतो, हृदय किरणांपासून लांब जातं. मावशी प्राणायामवाली, ती खूश!

आणि खरी अडचण मला शेवटी कळली. तालुक्याच्या गावी मशीन नाही, पाच आठवडे शहरात तिच्यासोबत राहणार कोण? हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं, सगळे संशोधनावर बोलत होते. अहो, २०१९ साली चीनमधल्या ८२० बायकांची चाचणी आली, स्तन काढलेल्या, जास्त जोखमीच्या. पंचवीसऐवजी पंधरा वेळा दिलं, पाच वर्षांनी निकाल तोच. मावशीलाही डॉक्टरांनी पंधराच सांगितलेत. तीन आठवडे. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, त्यासाठी कुणाची परवानगी नको.

मावशीला या सगळ्यात कुणी काही विचारलंच नव्हतं. परवा मी फोनवर सोळापैकी सहा म्हणजे काय ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझ्याकडे गिझर आहे ना रे?"

सोमवारपासून सुरू होतंय. ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकलाय. त्याला अजून एकही अंगठा नाही.