चिंचेच्या पानाची कड

भोपाळमधल्या सरकारी बंगल्यांच्या एका वसाहतीचे नावच चार इमली, म्हणजे चार चिंचा. अशा परिसरातल्या बंगल्याचे रेंडर करताना इमारतीपेक्षा झाडच आपली परीक्षा पाहते. ४० मीटर रुंदीचे दृश्य ४००० पिक्सेलांत बसवले, तर एका पिक्सेलच्या वाट्याला एक सेंटिमीटर येतो. चिंचेची पर्णिका जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, आणि रुंदी त्याहून बरीच कमी. त्यामुळे झाडाच्या विरळ भागातले बहुतेक पिक्सेल थोडे पान आणि थोडे आकाश असे असतात. कुठे किती पान आहे, हे रेंडर इंजिनाने मोजलेले असते. आकाशासकट जेपेग काढला की ते मोजमाप नष्ट होते. मग मे महिन्याच्या पांढुरक्या आभाळाऐवजी पावसाळी ढग हवेत असा निरोप आला की तेच मोजमाप आपण सिलेक्शन टूलने अंदाजपंचे शोधत बसतो. म्हणून आमचे म्हणणे असे, की बाह्यदृश्याचे मूळ रेंडर पारदर्शक पार्श्वभूमीवर, हे मोजमाप जपणाऱ्या अल्फा चॅनलसह साठवावे आणि आकाश मागाहून बसवावे.

हे मोजमाप राखण्याची सोय जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी लाल, हिरव्या, निळ्या चॅनलांना हा चौथा चॅनल जोडला. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्यावरचे कंपोझिटिंगचे गणित मांडले. रंग आधीच अल्फाने गुणून ठेवावा, हा त्यातला कळीचा मुद्दा. ओपन-ईएक्सआरमध्ये तीच प्रथा आहे. पीएनजी मात्र रंग न गुणता ठेवतो. आपल्याकडची बरीच काळपट किनार या गोंधळातून येते. समजा पानाची हिरवी छटा ०.६ आणि अल्फा ०.५ आहे. गुणलेला रंग ०.३ झाला. पांढऱ्या आकाशाचा उरलेला अर्धा वाटा, ०.५, त्यात मिळवून बेरीज ०.८ व्हायला हवी. सॉफ्टवेअरने तो न गुणलेला समजून पुन्हा निम्मा केला, तर हाती ०.६५ येते. फरक एका पिक्सेलचा असला तरी हजारो पानांभोवती तो काजळीसारखा दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आकाश काढले तर उजेडही जाईल. तसे होत नाही. ब्लेंडरमध्ये फिल्मखालचा ‘ट्रान्सपरंट’ पर्याय निवडला की आकाश फक्त कॅमेऱ्यापासून लपते. त्याचा प्रकाश आणि काचेतले प्रतिबिंब कायम राहते. दुसरा आक्षेप याच उत्तरातून निघतो आणि तो वजनदार आहे : काचेत निरभ्र आकाश आणि मागे काळे ढग, हे कसे चालेल? चालणार नाही. अल्फा कड वाचवतो, प्रकाशयोजना बदलत नाही. ऊन आणि सावली बदलणार असेल तर रेंडर पुन्हाच करावे लागेल. पण आकाशाची छटा, ढगांची मांडणी, पत्रकावरची कोरी पार्श्वभूमी यांसाठी तो खर्च कशाला? तिसरा आक्षेप फाइलच्या आकाराचा. एक कोटी पिक्सेलांच्या आठ-बिट चित्राला अल्फामुळे दाबण्याआधी एक कोटी बाइट जास्त लागतात. आणि अल्फाचा मोठा भाग सलग पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक असल्याने पीएनजी तो चांगलाच दाबतो. पार्श्वभूमी आपोआप काढणारी साधने आहेतच, पण ती कितीही हुशार झाली तरी अंदाजच करणार. इंजिनाने मोजून दिलेले असताना अंदाजावर का विसंबावे?

तेव्हा फाइल पुढच्या माणसाकडे देताना रंग अल्फाने गुणलेला आहे की नाही, हे सोबत लिहावे. त्याआधी चित्र एकदा पांढऱ्यावर आणि एकदा काळ्यावर ठेवून पाहावे. दोन्हींवर चिंचेची कड स्वच्छ दिसली, तरच फाइल हातावेगळी करावी.