पाय टेकला की एक

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. कारण घरगुती आहे. जूनमध्ये महागावहून भावाचा फोन आला, "तूच सांग त्याले, आमचं तं ऐकतच नाही तो."

तो म्हणजे माझा पुतण्या. वय १९. (नाव लिहीत नाही. त्याचे मित्र हे वाचतात आणि मग मला व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या बसतात.) त्याला हिरोची एक्सपल्स हवी आहे. मोबाईलवर तो रात्रंदिवस ट्रायल्सचे व्हिडिओ बघतो. सीट नसलेल्या मोटारसायकलींवर उभे राहून घराएवढ्या दगडांवर चढणारी माणसं. तूर विकली की गाडी, असं त्याने परस्पर ठरवून टाकलंय. तूर अजून वावरात वीतभर आहे, ही गोष्ट वेगळी.

मी समजूत काढायला म्हणून पोळ्याला चार दिवस गावी गेलो आणि आलो तो दोघांशीही थोडा भांडून. भावाचं म्हणणं, हा खेळ आपला नाही, आपल्याला हातपाय मोडायची हौस नाही. पुतण्याचं म्हणणं, गाडी मिळाली की सगळं जमतं. मला दोन्ही म्हणणी साफ चूक वाटतात, म्हणून हा लेख.

आधी खेळाबद्दल, कारण आमच्या आत्याबाईंना अजून वाटतं की ही शर्यत आहे. ट्रायल्समध्ये शर्यत नसते. दगड, ओढा, चिखल, चढ असा एक छोटा तुकडा दोऱ्या बांधून आखलेला असतो. त्यातून गाडी न थांबता, पाय न टेकता काढायची. बाजूला एक पंच उभा असतो. पाय टेकला की एक गुण. बरेचदा टेकला तर तीन. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात तर पाच. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. स्पेनचा टोनी बोऊ हा गडी २००७ ते २०२४ सलग १८ वर्षं यात जगज्जेता झाला. आपल्याकडे त्याचं नाव कुणाला माहीत नाही, कारण वेग नाही तिथे टाळ्या नाहीत.

आता सांगा, हा खेळ आपला नाही? २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर स्लो सायकलची शर्यत तुम्ही खेळला नाहीत का? सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला तो बाद. मी सातवीत त्यात दुसरा आलो होतो. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली होती. आणि लायसन्स काढताना आरटीओ आठचा आकडा काढायला लावतात, तेव्हा काय बघतात? पाय खाली आला का तेच. त्या एका दिवसापुरतं सरकारही ट्रायल्स खेळतं. मग नंबरप्लेटवर एमएच २९ लागली की आपण ती विद्या आयुष्यभरासाठी विसरतो.

आणि आमच्या पांदणी! बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पांदण म्हणजे दोन वावरांच्या धुऱ्यांमधून जाणारी शेतवाट. नागपूर-तुळजापूर महामार्ग आता गुळगुळीत झालाय, पण त्यावरून उतरून एक किलोमीटर आत गेलात की जुलैमध्ये तुम्ही स्कॉटलंडमध्येच आहात असं समजा. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन बांधून त्या पांदणीतून रोज सकाळी येणारा गवळी मी पाहिलाय. एक कॅन भरलेली, एक अर्धी. गाडी एका बाजूला ओढते म्हणून हा दुसऱ्या बाजूला कलून बसतो. पायात स्लिपर. त्याला कुणी पंच नाही, गुण नाहीत. पडला तर दूध जातं, एवढंच.

गाड्यांच्या बाबतीत एक गंमत सांगतो, पुतण्याला ही माहीत नव्हती. आज आपण जिला लग्नाच्या वरातीची गाडी समजतो ती बुलेट मुळात याच खेळातून आली. १९४८ साली इटलीत सान रेमोला सहा दिवसांची स्पर्धा झाली, तिथे तिचे नमुने उतरवले होते. मागच्या चाकाला झुलता फोर्क आणि शॉकअप, ही तेव्हा नवलाई होती. जॉनी ब्रिटन नावाच्या पोराने १९५२ मध्ये बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. आपल्याकडे मद्रासला ती बनू लागली १९५५ मध्ये. २०१९ मध्ये रॉयल एनफील्डने त्या आठवणीखातर 'बुलेट ट्रायल्स' म्हणून एक मॉडेल काढलं, वर उचललेला सायलेन्सर वगैरे. फारसं चाललं नाही, बंद झालं.

पण त्याच खेळाने बुलेटसारख्या जड गाड्यांना हाकलूनही लावलं. सॅमी मिलर हा एरियलच्या ५०० सीसी गाडीवर वर्षानुवर्षं जिंकत होता. तोच ती सोडून बुल्टाको नावाच्या स्पॅनिश कंपनीकडे गेला, २५० सीसीची हलकी टू-स्ट्रोक तयार केली आणि १९६५ मध्ये त्याच स्कॉटलंडमध्ये तिच्यावर जिंकला. जड फोर-स्ट्रोकचा जमाना तिथे संपला. आज ट्रायल्सची गाडी सत्तरेक किलोची असते. पुतण्याची लाडकी दीडशे किलोच्या बरीच वर जाते. घरात उभी असलेली स्प्लेंडर ११२ किलोची आहे.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, ग्राऊंड क्लिअरन्स पाहा ना. २२० मिलिमीटर. आपल्या स्प्लेंडरचा १६५. आन् पुढचं चाक २१ इंची." हे खरं आहे, मान्य करतो. मोठं चाक दगडावरून सहज जातं, लांब शॉकअप खड्डा गिळतं. पण सीटची उंची ८२० मिलिमीटरच्या वर, आणि चिरंजीवांची उंची आमच्या घराण्याची. चिखलात गाडी कलली की पाय पोचायच्या आधी ती हाताबाहेर गेलेली असते.

आणि चिखल म्हणजे कुठला? व्हिडिओतला नाही, आपल्या काळ्या मातीचा. ती टायरला लागत नाही, टायर होऊन बसते. गोट्यांच्या, म्हणजे नॉबी टायरच्या खाचा दहा पावलांत भरतात आणि मग तुम्ही गुळगुळीत काळ्या रबरी लाटण्यावर चालताय. मडगार्डमध्ये माती ठासली की चाक फिरायचंच थांबतं. म्हणून आमच्याकडे जाणती माणसं पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढून ठेवतात किंवा वर उचलून बसवतात आणि हँडलला माती खरवडायला एक काडी अडकवतात. त्याहून जाणती माणसं थांबतात. वखर घालायला वाफसा लागतो तसाच गाडी घालायलाही लागतो. उघडीप मिळून एक दिवस ऊन पडलं की तीच पांदण निमूट जाऊ देते.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. भावाला हे माहीत आहे, पुतण्याला अर्धवट.

१९९१ चा जुलै. मी १७ वर्षांचा, लायसन्स नाही. बाबा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. राजदूत होती, एस्कॉर्ट्सची १७५, पोलंडच्या गाडीवरून घेतलेली, फट फट करत सगळा तालुका फिरलेली. त्या दिवशी फुलसावंगीकडे एका गावात जायचं होतं. मी हट्ट करून गाडी चालवायला घेतली. बाबा मागे, मांडीवर रेतनाच्या कांड्यांचं नत्राचं छोटं भांडं. वाटेत एका नाल्यावर रपटा, त्यावरून घोट्याएवढं पाणी. बाबा म्हणाले, "थांब, उतरून पाहू." मी म्हटलं, "काही नाही होत."

मधोमध मागचं चाक शेवाळावर सरकलं. मी काय केलं ते आजही एकेक सांगता येईल. पहिलं, नजर समोरच्या काठावरून काढून रपट्याच्या कडेला नेली, जिथे पडायची भीती होती तिथेच. गाडी नजरेमागे जाते. दुसरं, घाबरून ॲक्सिलेटर एकदम सोडला. तिसरं, पुढचा ब्रेक दाबला. आणि चौथं, पाय टेकला. शेवाळावर टेकलेला पाय म्हणजे न टेकलेलाच. गाडी आडवी झाली ती बाबांच्या डाव्या पायावर. ते पाण्यात आडवे पडलेले आणि दोन्ही हातांनी भांडं वर धरलेलं, सांडू नये म्हणून. माझ्यावर सांडलं असतं.

नडगीचं हाड मोडलं होतं. पुसदला प्लास्टर झालं. तेव्हापासून बाबा चालताना डावा पाय किंचित ओढतात. या ३४-३५ वर्षांत त्यांनी मला एकदाही 'तुझ्यामुळे' म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. असो.

पुढे मी ट्रायल्सबद्दल वाचलं ते या एका कारणासाठी. तो रपटा कसा पार करायला हवा होता? आधी उतरून पायी बघून यायचं. तिथले अव्वल खेळाडूही प्रत्येक तुकडा आधी चालून बघतात, त्यात कमीपणा नाही. मग पहिल्या गिअरमध्ये, फूटरेस्टवर उभं राहून, गुडघे सैल. वजन सीटवरून पायांत आलं की गाडी पायाखाली डावी-उजवी कलते आणि आपण सरळ राहतो. वळताना गाडी आत, अंग बाहेर. ॲक्सिलेटर एकसारखा धरायचा, वेग क्लचने कमीजास्त करायचा, एका बोटाने, जसं आपण नळाची तोटी थेंबाथेंबाने सोडतो तसं. हळू व्हायचं तर मागचा ब्रेक. मान वर, नजर पुढच्या काठावर. आणि मागे माणूस बसवायचाच नाही, त्याला चालत पाठवायचं.

यात कुठल्याही शोरूममधून आणायचं काही नाही. म्हणून माझं मत पुतण्याला स्पष्ट सांगितलं: तुरीचे पैसे गाडीत घालण्याआधी चार-पाच हजार अंगावर घाल. आयएसआयचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट (१ जून २०२१ पासून बिनछापाचं विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला मिळतंच), हातमोजे, गुडघ्याला पॅड, आणि कामगार घालतात ते पोलादी टोकाचे घोट्यावर येणारे बूट. गमबूट नकोत, पाय आत फिरतो. मग स्प्लेंडरलाच थोडे पैसे: फूटरेस्टचं गुळगुळीत रबर काढून वेल्डिंगवाल्याकडून दातेरी पट्टी बसवायची, क्लच-ब्रेकचे लिव्हर उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेत येतील इतके खाली फिरवायचे, पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करायचं. ॲव्हरेज थोडं पडेल, पण गाडी माणसाच्या चालीने चालेल. चिखलात टायरची हवा कमी कर, पण ट्यूबचं टायर असेल तर पंधरा-अठराच्या खाली नको, व्हॉल्व्ह उपटतो. ट्रायल्सवाले पाचापर्यंत जातात, त्यांचं रिम वेगळं, टायर वेगळं. डांबरीवर येण्याआधी पुन्हा भरायची, हे विसरायचं नाही.

भावालाही माझं एक सांगणं आहे. "आपला नाही" म्हणून पोरं थांबत नाहीत. त्याच फुलसावंगीत ऑगस्ट २०२१ मध्ये एक तरुण स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर तपासताना पंखा तुटून डोक्याला लागून गेला. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंग करणारा. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला, हळहळलो, पुढे सरकवला. त्याच्या हातातल्या कसबाला काही कमी नव्हतं. ट्रायल्समध्ये अवघड दगडाखाली खेळाडूचा एक माणूस उभा असतो, गाडी उलटली तर धरायला. आपल्या पोरांच्या खाली कुणी उभं नसतं, ती रात्री एकटी करून बघतात. तू नाही म्हटलंस तर हाही एकटा नाल्यावर जाईल. मी गेलो होतो तसा.

भाऊ काही बोलला नाही. पुतण्या म्हणाला, "म्हणजे गाडी नाहीच ना?" मी म्हटलं, तूर येऊ दे, तोवर स्प्लेंडरवर आठ काढून दाखव.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खळ्यात, मुरूम टाकलाय तिथे, दोन विटा ठेवल्या. अंतर गाडीच्या दोन लांबींचं. पहिल्या फेरीत तो विटेवरच चढला. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, ऐंशीच्या पुढचे, कानाला कमी. त्यांना मी गुणांचा हिशेब सांगितला. त्यांनी कपाशीच्या सरक्या मागवून घेतल्या आणि पाय टेकला की एक सरकी वाटीत टाकायला लागले. संध्याकाळपर्यंत वाटीत एकेचाळीस झाल्या.

मी परत आलो. काल भावाने फोन केला होता, खताचं काहीतरी विचारायला. जाता जाता म्हणाला, वाटीत आज सहा होत्या, आणि बाबा म्हणतात विटा अजून जवळ घ्या.